घसा सोडून खर्च काय?

पुण्यातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन आठवडे एक वाद चालू आहे. कोथरूडला होणाऱ्या एका मराठी स्टँडअप कॉमेडीच्या तिकिटाचा फोटो कुणीतरी टाकला. सातशे रुपये. त्यावर एका काकांनी लिहिलं, "नाटकाला सेट लागतो, सहा नट लागतात, संगीत लागतं, आणि ते तीनशेत होतं. हा एकटा उभा राहून बोलणार. घसा सोडून ह्याचा खर्च काय?" खाली अकरा अंगठे.

त्या अकरा अंगठ्यांचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. मी मँचेस्टरला राहतो आणि हेच काम करतो, त्यामुळे हिशोब तोंडपाठ आहे.

मँचेस्टर ते न्यूकॅसल 145 मैल, साधारण पुणे-कोल्हापूर इतकं. शुक्रवारचा शो आठचा. सव्वासातला क्लबात हजर असावं लागतं, म्हणून साडेतीनला निघायचं, कारण एम 62 या मोटरवेवर शुक्रवारी दुपारपासूनच गाड्या तुंबतात. शो साडेदहाला संपतो. परतताना ए 1 या महामार्गाचा एखादा तुकडा रात्रीच्या कामासाठी बंद असतोच, त्यामुळे घरी पोचायला दीड वाजतो. दहा तास गेले आणि स्टेजवर वीस मिनिटं उभं राहणं झालं. जाऊनयेऊन 290 मैलांना साधारण गाडीत 33 लिटर पेट्रोल जळतं. टायर, विमा, झीज धरून करखात्याचा 2011 साली ठरलेला दर मैलाला 45 पेन्स. म्हणजे गाडीचेच 130 पौंड झाले. मधल्या फळीतल्या कॉमेडियनला वीस मिनिटांचे पुष्कळदा तेवढेच मिळतात, तेही बिल पाठवल्यावर महिन्याभराने.

म्हणून कुणी एकटं जात नाही. एका गाडीत तिघं बसतात आणि पेट्रोल वाटून घेतात. ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो रात्री एक वाजताही जागा राहून चालवू शकतो, त्या नवख्याला कामं लवकर मिळतात. शेवटी येणाऱ्या मोठ्या कॉमेडियनला शेवटची ट्रेन सापडत नाही, त्याला घरी सोडायला कुणीतरी लागतंच. त्या परतीच्या तीन तासांत नवखा जे शिकतो ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत: कुठला शब्द जास्तीचा होता, कुठे हशा पुरता उतरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं, पहिलं हसू यायला चाळीस सेकंद का लागले.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी पाच मिनिटं, बिनपैशाची. मग दहा, तीही बिनपैशाची. मग पैसे मिळणारी दहा, मग वीस आणि सगळ्यात शेवटी कार्यक्रमाचा शेवट करण्याचा मान. इथल्या फ्रॉग अँड बकेट या कॉमेडी क्लबात सोमवारी प्रेक्षकांच्याच हातात कार्डं देतात. ती वर गेली की खाली उतरायचं, नवख्याने पाच मिनिटं टिकून दाखवायची. क्रूर वाटतं, पण ते पाचशे लोकांसमोर पडण्यापेक्षा बरं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येता येतं.

काकांना वाटतं की माणूस विनोदी असतो म्हणून विनोद सुचतो. सुचतो तो कच्चा माल. नवी दोन मिनिटं सेटच्या, म्हणजे स्टेजवरच्या आपल्या वीस मिनिटांच्या, सुरुवातीला किंवा शेवटी ठेवत नाहीत. ती दोन पक्क्या तुकड्यांच्या मध्ये घालतात, म्हणजे पडली तरी खोलीचा विश्वास उडत नाही. प्रत्येक सेट फोनवर रेकॉर्ड करायचा, दुसऱ्या दिवशी ऐकायचा, हशा कुठल्या शब्दावर आला ते लिहून ठेवायचं. बहुतेक वेळा तो आपल्याला वाटलं होतं त्याच्या दोन शब्द आधी आलेला असतो. मग ते पुढचे दोन शब्द काढून टाकायचे. शुक्रवारी न्यूकॅसलला, शनिवारी लीड्सला, मंगळवारी स्टॉकपोर्टच्या पबच्या माडीवर बावीस लोकांसमोर तेच वाक्य बोलून बघायचं. एका गावात चाललं तर तो योगायोग असू शकतो. पाच गावांत चाललं तर ते सेटमध्ये राहतं. एडिंबरोच्या ऑगस्टमधल्या महोत्सवात जो तासाभराचा शो दिसतो तो असतो पंचावन्न मिनिटांचा, कारण उरलेल्या पाचात खोली रिकामी करून पुढच्याला द्यायची असते. त्या पंचावन्न मिनिटांचं काम जानेवारी-फेब्रुवारीपासून अर्धवट अवस्थेत, स्वस्त तिकिटांत, कागद हातात धरून सुरू झालेलं असतं. सातशे रुपये त्याचे आहेत, काका. नाटकासारखा सेट नाही म्हणता, तर तो रस्त्यावर मांडलेला असतो.

दुसऱ्या एका नातलगाने लिहिलं, "फोनवर फुकट दिसतं की." फोनवर जे दिसतं ते बहुतेक पहिल्या रांगेतल्या माणसाशी केलेल्या गप्पांचं असतं. त्याला कारण आहे. लिहिलेला विनोद एकदा नेटवर गेला की तिकीट काढून आलेल्याला तो माहीत असतो, म्हणजे जळाला. गप्पा पुन्हा होणार नसतात, म्हणून त्या टाकता येतात. क्लिप बघून शो बघितल्यासारखं वाटणं म्हणजे जेवणाआधीची कोशिंबीर चाखून ताट ओळखणं.

खोलीचं तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. हशा हा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे खुर्च्या खेटून हव्यात, छत खाली हवं, प्रेक्षक अंधारात आणि कॉमेडियनच्या तोंडावर प्रकाश हवा. पुढची रांग आधी भरायची. ती रिकामी राहिली तर वीस मिनिटं एका खड्ड्यावरून बोलावं लागतं. उंच छताच्या मोठ्या नाट्यगृहात साठ माणसं विखरून बसली की हसू वर जाऊन विरतं आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच हसलो. पुण्यातल्या कॅफेत उलटी अडचण: खोली बरोबर असते, पण नेमक्या पंचच्या, म्हणजे हशाच्या शब्दाच्या, वेळी कॉफीचं यंत्र घरघरतं आणि वेटर विचारतो, सँडविच कुणाचं? त्या अर्ध्या तासात ऑर्डर घेऊ नका, एवढं मालकाला सांगायला कुणीतरी लागतं. आणि माइक. शुअरचा एसएम 58 जगभर तोच. जाळी मुठीत धरली की मागून येणारा आवाज टाळण्याची त्याची रचना बंद पडते आणि शिट्टी वाजते. बोटं दांड्यावर, तोंडापासून दोन-तीन बोटं अंतर, आणि वर गेल्यावर पहिलं काम म्हणजे रिकामा स्टँड उचलून मागे ठेवायचा. नाहीतर प्रेक्षक सेटभर त्या काठीआडून बघतात.

काकांच्या वाक्यातलं मला सगळ्यात लागलं ते "उभा राहून बोलणार". हे पुण्यात म्हणायचं? न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हे शहर एका उभ्या माणसाचं बोलणं ऐकत आलं आहे. कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंग घेऊन गावोगाव एकटा उभा राहतो आणि बिदागी घेतो. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथा सांगायला गावोगाव एकत्र फिरले. पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरवर नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येऊन सुपारी देतात, आणि सोंगाड्या रोज वेगळ्या गावात, वेगळ्या गर्दीपुढे तीच बतावणी त्या गावाप्रमाणे वळवून करतो. गावोगावच्या क्लबांच्या ज्या फेरीला इथे ब्रिटनमध्ये सर्किट म्हणतात ते हेच. आमच्याकडे नव्हतं असं नाही, आम्ही त्याला हलकं म्हटलं. आता पुण्यातल्या मुलाला कॅफेतल्या पाच मिनिटांवरून एकदम व्हायरल तरी व्हावं लागतं नाहीतर नोकरीवर परत जावं लागतं. मधली पायरी, सातारा, सांगली, नगर, नाशिकला मंगळवारी साठ माणसांसमोरची पैसे मिळणारी वीस मिनिटं, ती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आणखी एक. 1968 साली ब्रिटनने नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीला पाठवण्याची सक्ती रद्द केली. त्याच वर्षी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं. महाराष्ट्रात संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवण्याची पद्धत त्यानंतरही चालू राहिली. जी संहिता दर रात्री दोन शब्दांनी बदलते ती कुठल्या तारखेची पाठवायची? इथे हा प्रश्न मला कधी पडत नाही. हे मी अभिमानाने लिहितोय आणि लिहिताना मला कळतंय की तो अभिमान माझ्या देशाचा नाही.

कारण माझी जी वीस मिनिटं पाच गावांत टिकतात ती इंग्रजीत आहेत. मराठीत माझ्याकडे पाच मिनिटंही नाहीत. इंग्रजीत पंचचा शब्द वाक्याच्या टोकाला सहज आणता येतो. मराठीत टोकाला क्रियापद बसतं. "आजीने मिक्सर देवघरात ठेवला" म्हटलं की "ठेवला" हा शब्द हसू खाऊन टाकतो. "आजीने मिक्सर ठेवला कुठे? देवघरात." असं मोडून घ्यावं लागतं. पु. ल. ऐकत वाढलेल्या कुणालाही हे वळण कानाने माहीत असतं, पण जिभेला ते रोजच्या प्रेक्षकांशिवाय येत नाही.

इथल्या मराठी मंडळांच्या गणपतीत मराठीतून बोलता येतं. तिथे बाकरवडी म्हटलं की टाळी पडते, लक्ष्मी रोड म्हटलं की पडते, पर्वती म्हटलं की पडते. ती आठवणीला दिलेली टाळी असते, विनोदाला नसते. त्या प्रेक्षकांत आणि माझ्यात फरक नाही, म्हणून ते मला खरं सांगू शकत नाहीत. ते सांगेल कोथरूडमधला, बाकरवडी या शब्दावर अजिबात न हसणारा, तिकिटाचे सातशे जास्त झाले असं मनात धरून हाताची घडी घालून बसलेला माणूस. काका, तो प्रेक्षक मला इथे कुठल्याच मोटरवेच्या टोकाला मिळत नाही.