‘व्याकरण नको, मुलं ऐकून शिकतात’ या मेसेजला उत्तर

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. त्याचा गोषवारा असा: मातृभाषा शिकताना आपल्याला कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं, मग इंग्रजीचं व्याकरण मुलांच्या माथी कशाला मारायचं? इंग्रजांची मुलं कुठे व्याकरण शिकतात? समोरच्याला कळलं की भाषेचं काम झालं. व्याकरणामुळे मुलं बुजतात. त्यापेक्षा रोज दहा भारी शब्द पाठ करून घ्या, घरात मराठी बंद करा, आणि लिहिण्यातल्या चुका मोबाईल सुधारून देईल.

पाठवणाऱ्यांना मुलांचं भलंच हवंय, याबद्दल मला शंका नाही. मी परळला संध्याकाळी मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांतल्या मुलांचे इंग्रजीचे वर्ग घेते. हा सल्ला पाळला तर सगळ्यात जास्त नुकसान याच मुलांचं होणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘मातृभाषा व्याकरणाशिवाय आली, इंग्रजीही येईल’

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पतंजलीने दोन हजार वर्षांपूर्वी महाभाष्यात हेच सांगून ठेवलंय: घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून कुणी व्याकरणकाराच्या दारात जात नाही. मातृभाषा घरातच मिळते. प्रश्न आहे तो घरात न मिळणाऱ्या भाषेचा.

हिशेबच करून बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरायला हवी. रोज 40 मिनिटांचा एक तास इंग्रजीचा धरला, तर वर्षाला साधारण 133 तास होतात. मूल दिवसाचे बारा तास जागं असतं असं धरलं, तर घरची भाषा तेवढी अकरा दिवसांतच कानावर पडून जाते. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. म्हणजे पाचवी संपेपर्यंत मुलाच्या गाठीला इंग्रजीची पुंजी किती, तर जेमतेम दोन महिन्यांची. तीही त्या तासात शिक्षक फक्त इंग्रजीच बोलले तर. तसं कुठे होत नाही आणि होणं शक्यही नाही.

‘पण मुंबईत तर इंग्रजी पावलोपावली ऐकू येतं’ असं लगेच कुणीतरी म्हणेल. ऐकू येतं ते काय, ते नीट ऐका. ‘मी स्टेशनवर वेट करतेय.’ ‘त्याने फोन कट केला.’ ‘जरा ॲडजस्ट कर ना.’ शब्द इंग्रजी आहेत, वाक्य पूर्ण मराठी आहे. क्रियापदाचा काळ मराठी, प्रत्यय मराठी, शब्दांचा क्रम मराठी. लोकलमधली घोषणा तेवढी इंग्रजीत, तर तीही ‘नेक्स्ट स्टेशन, दादर’ एवढीच. मुंबईतल्या मुलाकडे इंग्रजी शब्दांचा साठा भरपूर असतो, मात्र ते शब्द जोडायचे कसे हे त्याच्या कानावर फारसं पडतच नाही. जे पडत नाही ते शिकवावं लागतं, आणि त्यालाच व्याकरण म्हणतात.

बरं, कान भरपूर तयार झाला तरी तेवढ्याने भागतं का, हेही पाहून झालंय. कॅनडात 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि पुढे अशा शाळा देशभर निघाल्या. सुरुवातीची वर्षं जवळजवळ सगळे विषय फ्रेंचमधून, दिवसचे दिवस फ्रेंच. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये अशा मुलांच्या भाषेबद्दल लिहिलं, ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावं असं आहे. या मुलांना ऐकलेलं-वाचलेलं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं कळत होतं, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या होत्या. आपल्याकडे तर एवढंही ऐकायला मिळत नाही.

मेसेजमधला समज मात्र अगदी हवेतून आलेला नाही. अमेरिकेत 1963 मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अहवालाने म्हटलं होतं की औपचारिक व्याकरण शिकवून मुलांचं लिखाण सुधारत नाही. तो निष्कर्ष ज्या शाळांचा, तिथल्या बहुतेक मुलांच्या घरात इंग्रजीच होतं. ‘शी गो’ की ‘शी गोज’ हे त्यांना शाळेत येण्याआधीच ठाऊक होतं. त्यांना नामाची व्याख्या पाठ करायला लावून काही हाती लागलं नाही, हे समजण्यासारखं आहे. मलबार हिलवरच्या एखाद्या घरात आईबाप एकमेकांशी इंग्रजीत भांडत असतील, तर तिथलं मूल व्याकरणाच्या तासाशिवाय निभावून नेईल. लालबागच्या चाळीतल्या मुलाला तोच सल्ला देणं म्हणजे, ज्याला घरून मिळत नाही त्याला शाळेतूनही मिळू नये असं म्हणणं आहे. या मेसेजचा मला राग येतो तो इथे.

‘इंग्रजांची मुलं व्याकरण शिकत नाहीत’

शिकतात. मध्यंतरी काही दशकं तिथल्या बऱ्याच शाळांत व्याकरण मागे पडलं होतं, हे खरं. पण 2013 मध्ये इंग्लंडने प्राथमिक शाळेच्या शेवटी, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी, स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरण यांची वेगळी परीक्षा सुरू केली. पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात कोणत्या इयत्तेत व्याकरणातलं काय शिकवायचं, याची यादीही आहे.

‘समोरच्याला कळलं की झालं’

वडापावच्या गाडीवर झालंच. तिथे चुकीच्या इंग्रजीने काही अडत नाही, आणि मीही मुलांना तिथे टोकत नाही. पण समोरच्याला कळलं, म्हणजे नक्की काय कळलं?

‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे लोक आले. मधे फक्त एक ‘अ’ आहे. मराठीत असा ‘अ’ नसल्यामुळे आपल्या मुलांना तो बिनमहत्त्वाचा वाटतो आणि ती तो गाळतात. ‘आय विल बी इन द ऑफिस टिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत ऑफिसात असेन, नंतर भेटणार नाही. ‘बाय फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत ऑफिसात पोहोचेन. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च येतं, फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत तो सगळा भार त्या छोट्या शब्दावर असतो. नोकरीला लागून महिना न झालेल्या मुलीने साहेबांना यातलं चुकीचं वाक्य पाठवलं, तर त्यांना अर्थ अगदी व्यवस्थित कळेल, फक्त तो उलटा असेल.

‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. अलीकडची कोर्टातली गोष्ट हवी असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातली ओकहर्स्ट डेअरी घ्या. ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी कायद्यात होती. तिच्या शेवटी एक स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे ‘माल वाटणं’ हे यादीतलं वेगळं काम, की ‘पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी माल बांधणं’ हे एकच काम, हे ठरेना. एकच असेल तर माल वाटणाऱ्यांना ओव्हरटाइम मिळणार होता. 2017 मध्ये अपील कोर्टाने या संदिग्धतेचा फायदा दुधाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरांना दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. वाक्य बारकाईने वाचता येणं कामगाराच्याही कामी येतं. गिरणगावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘व्याकरणामुळे मुलं बुजतात’

मुलं बुजतात हे मी रोज बघते. पण ती बुजतात कशाने? मूल दोन वाक्यं बोलेपर्यंत चार वेळा टोकल्याने. वहीभर लाल पेन फिरवल्याने. काळांच्या बारा प्रकारांचा तक्ता घोकून घेतल्याने, ज्यातल्या एकाही प्रकारात त्याने स्वतःबद्दल एक वाक्य केलेलं नसतं. हे सगळं थांबवायला हवं, लगेच. पण शिकवायची रीत वाईट आहे म्हणून विषयच काढून टाकायचा, हे मला पटत नाही.

वर्गात आम्ही काय करतो त्याचं एक उदाहरण देते. मुलं सर्रास ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ म्हणतात. का म्हणतात? कारण मराठीत ‘दोन तासांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ दोन्हीकडे ‘पासून’. मूल वेंधळं नाही, ते स्वतःच्या भाषेचा नियम इमानदारीने पाळतंय. मी फळ्यावर दोन रकाने काढते. एकावर लिहिते ‘किती वेळ?’ आणि दुसऱ्यावर ‘केव्हापासून?’ मग मुलांनी मराठीतच ओरडून सांगायचं, मी लिहायचं. दोन तास, चार दिवस, खूप वर्षं हे पहिल्यात. सोमवार, सकाळ, गणपती, पाचवीत असताना हे दुसऱ्यात. ‘सुट्टी’ कुठे घालायची यावर वाद होतो, तो होऊ द्यायचा. रकाने भरले की पहिल्यावर ‘फॉर’ आणि दुसऱ्यावर ‘सिन्स’ लिहायचं, बस. व्याख्या नाही, घोकंपट्टी नाही. त्यानंतर प्रत्येकाने घरच्या कुणाबद्दल तरी दोन वाक्यं करायची. कुणाची आजी चाळीस वर्षांपासून त्याच खोलीत राहतेय, कुणाचे बाबा सकाळपासून झोपलेत, रात्रपाळी होती. त्या आठवड्यात वह्या तपासताना मी फक्त हीच चूक बघते, बाकीच्या सोडून देते. याने बुजलेलं मूल मी पाहिलेलं नाही. उलट आपण कुठे आणि का अडखळत होतो हे कळलं की मूल जास्त बोलायला लागतं.

‘मोबाईल सुधारून देईल’

स्पेलिंग सुधारेल, ‘शी गो’चं ‘शी गोज’ही करेल. पण ‘टिल फाइव्ह’ आणि ‘बाय फाइव्ह’ दोन्ही व्याकरणाने शुद्ध आहेत. तुमच्या मनात काय होतं हे मोबाईलला कुठून कळणार? त्याने सुचवलेलं वाक्य आपल्याला म्हणायचं होतं तेच आहे का, हे ठरवायलाही तेच ज्ञान लागतं.

‘रोज दहा भारी शब्द, आणि घरात मराठी बंद’

हे दोन सल्ले मी एकत्र घेते, कारण दोन्हींची चूक एकाच जागी आहे. सहावीतल्या एका मुलीने राणीच्या बागेवर निबंध लिहिला. बाग नाइस, वाघ नाइस, पेंग्विन्स नाइस. मेसेजच्या पद्धतीने गेलं तर ‘नाइस’ खोडून तिथे ‘मॅग्निफिसंट’ लिहायचं. पेंग्विनबद्दल वाचणाऱ्याला आधीपेक्षा जास्त काय कळलं? काहीच नाही. मी तिला मराठीत विचारलं, पेंग्विन करत काय होते? ती म्हणाली, दगडांवर डुलत डुलत चालतात, आणि पाण्यात पडले की सुसाट! मग तिला ‘वॉडल’ दिला आणि ‘शॉट थ्रू द वॉटर’ दिलं. तिने वाक्य केलं, ‘द पेंग्विन्स वॉडल्ड ऑन द रॉक्स अँड शॉट थ्रू द वॉटर.’ हे दोन शब्द ती विसरणार नाही, कारण ते ज्याला चिकटले ते दृश्य तिने स्वतः पाहिलेलं होतं आणि मराठीत नेमकं सांगितलेलं होतं.

नेमका शब्द निवडायची सवय मुलाला घरच्या भाषेतच लागते. सडपातळ म्हटलं तर मावशी खूश होते, हडकुळी म्हटलं तर रुसते, हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’मधला फरक शिकवताना मला नवं काही शिकवावं लागत नाही, जे तिला येतं त्यावर बोट ठेवावं लागतं. घरात मराठी बंद करून त्या जागी आईबापांचं मोजकं, चाचपडत बोललेलं इंग्रजी आणलं, तर बोट ठेवायला जागाच उरणार नाही.

तेव्हा ज्यांना इंग्रजी येत नाही त्या आयांनी आणि बाबांनी हा मेसेज वाचून कानकोंडं होऊ नये. मूल शाळेतून आलं आणि ‘मजा आली’ म्हणालं, तर पुढे विचारा. म्हणजे काय झालं? कोण हसलं, कसं हसलं, खुदकन की खो खो? पाऊस लागला तर रिमझिम होता की मुसळधार? उत्तर मराठीत नेमकं आलं की दुसऱ्या दिवशी त्याला इंग्रजी शब्द आणि इंग्रजी वाक्य देणं हे आमचं काम, आणि ते आम्ही करत नसलो तर शाळेत येऊन आम्हाला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.