नवऱ्याची पाच मिनिटं

माझ्या नवऱ्याला दिवसा पगार मिळतो आणि रात्री हशा मिळतो. पगार नियमित आहे.

दिवसा तो जर्सी सिटीतल्या एका बँकेच्या आयटीत असतो आणि रात्री न्यूयॉर्कमधल्या कुठल्यातरी बारच्या तळघरात स्टँडअप कॉमेडियन. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा नियम असा, की ज्या कंपनीने व्हिसा काढलाय तिचाच पगार घ्यायचा, बाहेर कुठे काम करून कमवायचं नाही. म्हणजे एखाद्या बारमालकाने खूश होऊन याच्या हातावर वीस डॉलर ठेवले तरी पंचाईत. सुदैवाने या बाबतीत अमेरिकेचा कायदा आणि तिथले बारमालक यांचं एकमत आहे. तरी "व्हिसामुळे मी पैसे घेत नाही" असं हा फोनवर आईला सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात त्यागाची जी झाक असते ती ऐकण्यासारखी असते.

मी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर. याची ग्रीन कार्डची कागदपत्रं ठरावीक टप्प्यापर्यंत सरकत नाहीत तोवर मला नोकरी करता येत नाही. त्यामुळे प्रेक्षक व्हायला मी कायम मोकळी.

'ओपन माइक' हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. रात्री बारच्या तळघरात जायचं, कागदावर नाव लिहायचं, एक ड्रिंक विकत घ्यायचं आणि नंबर लागेपर्यंत बसायचं. नंबर लागला की पाच मिनिटं मिळतात, कधी तीनच. समोर जे बसलेले असतात ते सगळेही कॉमेडियनच असतात आणि आपापल्या वह्यांत डोकं घालून स्वतःचे विनोद घोकत असतात. दहावीच्या परीक्षेआधी वर्गाबाहेर असतं तसलं ते वातावरण. मध्येच सूत्रसंचालक विचारतो, "आज कुणी खरा प्रेक्षक आलाय का?" मी हात वर करते. मग रात्रभर प्रत्येक जण माझ्याकडे बघून बोलतो. ओहायोतून आलेल्या मुलाचा घटस्फोट, ब्रुकलिनच्या बाईचं मांजर, कुणाचं डिप्रेशन, सगळं एकटीने ऐकायचं आणि हसायचंही एकटीने. परतीच्या पाथ ट्रेनमध्ये माझा जबडा दुखत असतो आणि नवरा विचारतो, "तू त्या मांजरवालीला जास्त हसलीस का?"

याच्या वरची पायरी म्हणजे 'ब्रिंगर शो'. यात क्लब खरा असतो, दिवे खरे असतात, पण प्रेक्षक तुम्ही आणायचे. पाचजण आणले तर पाच मिनिटं. प्रत्येकाने तिकीट काढायचं आणि वर किमान दोन ड्रिंक्स घ्यायची. पहिल्या वेळी आमची मित्रमंडळी प्रेमाने आली, दुसऱ्या वेळी संकोचाने. त्यानंतर नेमक्या त्याच गुरुवारी एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत प्रत्येक घरातल्या मुलांना ताप यायला लागला.

शेवटी आम्ही एका मित्राच्या वडिलांना धरून नेलं. काका सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलेले, गळ्यात तुळशीची माळ. वेटरने दोन ड्रिंक्सची सक्ती सांगितली. काकांनी सोडा मागवला आणि दुसरा डबा न फोडता खिशात घातला. स्टेजवर उंच स्टूल असतं, त्यावर कुणीच बसत नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. "बस की रे जरा," असं ते एका दमलेल्या कॉमेडियनला मराठीत म्हणालेही. नंतर गाडीत त्यांनी पूर्ण विचार करून मत दिलं, "कीर्तनकारही उभाच असतो. पण त्याच्यामागे टाळकरी असतात. एखादा विनोद पडला तर ते लगेच 'विठ्ठल विठ्ठल' करून उचलून धरतात. इथे माणसाला अगदीच उघडं सोडतात." स्टँडअपवर यापेक्षा नेमकं मी अजून काही ऐकलेलं नाही.

नवरा डोंबिवलीचा. साहजिकच त्याची पहिली पाच मिनिटं सकाळच्या फास्ट लोकलवर होती. डोंबिवली कुठे आहे हे सांगण्यात दोन मिनिटं गेली, चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने कडेला टेकणं, हे समजावण्यात दीड. उरलेल्या वेळात शांतता. मग एका अनुभवी कॉमेडियनने पाठीवर हात ठेवून सल्ला दिला, की बाबा, तुझी बायको, तुझे उच्चार आणि ठरवून केलेलं लग्न, यावर बोल.

आता आमचं लग्न सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जमलेलं. दोन्ही घरांनी अबोला धरला होता. स्टेजवर मात्र ते दोन मावश्यांनी ठरवलं आणि आम्ही एकमेकांना पाहिलं ते थेट अंतरपाट दूर झाल्यावर. घरी स्वयंपाक तो करतो, मला कुकरच्या शिट्या मोजण्यापलीकडे गती नाही. स्टेजवर मी सकाळ-संध्याकाळ फोडण्या घालते आणि इमारतीतला धुराचा अलार्म वाजवते. उच्चारांची तर कमालच आहे. दिवसभर मीटिंगमध्ये उच्चार अमेरिकन करायला जीव टाकायचा आणि रात्री त्याच तोंडाने ते पुन्हा देशी करायचे. थकतो बिचारा.

हे सगळं चालू असताना मी पहिल्या रांगेत असते. "माझी बायको..." म्हणून तो सुरू झाला, की सगळी टेबलं वळून माझ्याकडे बघतात. एकदा स्वच्छतागृहात एका अनोळखी बाईने माझा हात हातात घेतला आणि अशा प्रसंगी फोन करायला हेल्पलाइन असते, असं हळूच सांगितलं.

घरातल्या भांडणांचीही गोडी गेली. मी तावातावाने काहीतरी छान बोलावं आणि समोरून "थांब, हे परत म्हण ना" असं यावं. फोन काढून तो टिपून घेतो. म्हणून हल्ली मी मुद्दाम नीरस भांडते. उपमा नाहीत, टोमणे नाहीत, त्याच्या आईचा उल्लेख नाही. फक्त तारखा आणि रकमा. मात्र क्लबमधली एक गोष्ट मी घरी आणली आहे. वेळ संपत आली की मागून कॉमेडियनला दिवा दाखवतात, आणि दिवा दिसला की गुंडाळायचं असतं. मी फोनचा टॉर्च दाखवते.

त्याचे आदर्श मला आता पाठ झालेत. याकोव्ह स्मिरनॉफ हा सोव्हिएत युनियनमधल्या ओडेसाचा. १९७७ मध्ये अमेरिकेत आला आणि सोव्हिएत युनियनची चेष्टा करून घरोघरी पोहोचला. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. चेष्टा करायची कुणाची? मग मिसुरीतल्या ब्रॅन्सन नावाच्या गावात स्वतःचं थिएटर काढून त्याने पुढची अनेक वर्षं काढली. हे वाचल्यावर नवरा दोन दिवस गंभीर होता. उद्या डोंबिवलीची गर्दीच संपली तर? मी म्हटलं, त्या बाबतीत निर्धास्त राहा. आणि ग्रीन कार्डच्या रांगेवर लिही. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून जास्त कुठल्याच एका देशाला द्यायची नाहीत, मग तो भारत असो की आइसलंड, असा इथला नियम आहे. सोव्हिएत युनियन संपलं, पण हा विनोद नातवंडांनाही पुरेल.

दुसरा जो वाँग. चीनमध्ये जन्म, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकला, बोस्टनमध्ये संशोधनाची नोकरी सांभाळून क्लबमध्ये उभा राहिला. २००९ मध्ये टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या शोमध्ये झळकला आणि २०१० मध्ये वॉशिंग्टनला पत्रकारांच्या मेजवानीत उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांच्यासमोर त्यांचीच थट्टा केली. नवरा म्हणतो, बघ, प्रयोगशाळेतला माणूस कुठे पोहोचला! मी एवढंच म्हणते, की त्याने आधी पीएचडी पूर्ण केली होती.

मला स्वतःला आवडतात त्या झरना गर्ग. मुंबईत वाढल्या, इथे येऊन तीन मुलं मोठी केली आणि चाळिशीनंतर माइक हातात घेतला. त्या सासूवर बोलतात. कोण कुणावर बोलतंय, याने फार फरक पडतो.

२०२३ मध्ये कॉमेडियन वीर दासला न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं, तेव्हा नवऱ्याने उत्साहाने डोंबिवलीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला प्रमोशन कधी आहे?"

तरी त्याने वकील गाठलाच. कलाकारांसाठी ओ-१ नावाचा व्हिसा असतो, तो 'असाधारण क्षमता' असलेल्यांना मिळतो. क्षमता कागदावर दाखवावी लागते. पुरस्कार, वर्तमानपत्रातली परीक्षणं, त्या क्षेत्रातल्या जाणकारांची पत्रं. याच्याकडे यूट्यूबवरचा एक व्हिडिओ होता आणि तो बहुतेक वेळा यानेच पाहिलेला. पत्राचं कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी देते लिहून. लहानपणापासून आगाऊच आहे."

मग गणपतीत इथल्या मराठी मंडळाने बोलावलं. अथर्वशीर्ष आणि महाप्रसाद यांच्यामधली जागा. राजकारण नको, जात नको, देवाधर्माचं नको, कार्यकारिणीवर तर अजिबात नको, आणि ज्यांनी जिलेबी दिली त्या रिअल इस्टेट एजंटचं नाव दोनदा घ्यायचं. उरलं काय, तर लोकल. त्याने मराठीत तीच जुनी पाच मिनिटं काढली. डोंबिवली कुठे आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. "चौथी सीट" एवढंच म्हणाला आणि मागच्या रांगेतले एक आजोबा हसता हसता खुर्चीत तिरके होऊन अर्ध्या ढुंगणावर बसून दाखवायला लागले. सगळा हॉल फुटला. आतून निरोप आला की वरणभाताला वेळ आहे, चालू ठेवा. तो वीस मिनिटं बोलला. बायकोचं नावही निघालं नाही. मी टॉर्च काढला नाही.

शेवटी अध्यक्षांनी त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. गाडीत बसल्यावर तो नारळ मांडीवर घेऊन गप्प होता. मला वाटलं, भरून आलंय. मग म्हणाला, "हे उत्पन्न धरतात का गं?"

रात्रीच त्याने वकिलाला ईमेल लिहिला, नारळाचा फोटो जोडून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की काळजीचं कारण दिसत नाही, नारळ ठेवायला हरकत नाही. त्याच्याखाली सल्ल्याचं बिल होतं.