‘तीन वर्षं झाली, आता केस होत नाही’ म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: लहानपणी फादरने किंवा बुवाने लैंगिक अत्याचार केला असेल आणि तीन वर्षांत तक्रार झाली नसेल, तर विसरा. मुदत संपली, पुरावा नाही. फार तर बिशपना पत्र लिहा.

तीन वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये तो आहे, पण जास्तीत जास्त तीन वर्षं कैदेच्या गुन्ह्यांपुरताच. त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हेच आहे.

म्हणून आधी साल काढा. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला. त्याआधीच्या घटनेला तो लावता येत नाही. समजा, 2009 साली मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर वेदीसेवकाचा, म्हणजे फादरच्या मदतनीस मुलाचा, झगा उतरवणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलावर अनैसर्गिक संभोगाची जबरदस्ती झाली. बलात्काराचं कलम तेव्हा मुलग्यांसाठी नव्हतं, पण जुन्या दंड संहितेचं अनैसर्गिक संभोगाचं कलम 377 होतं: जन्मठेपेपर्यंत शिक्षा, मुदत नाही. ‘दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत 377 उरलंच नाही’ असं लगेच कुणीतरी ऐकवतं. अहो, जुना गुन्हा जुन्याच कायद्याने चालतो. मुलगी असती तर बलात्काराचं 376.

नुसत्या स्पर्शाचं जुनं प्रकरण मात्र खरंच अवघड. मुलीच्या बाबतीतल्या कलम 354 ला तेव्हा दोनच वर्षं शिक्षा होती, म्हणजे मुदत लागते. न्यायालय उशीर माफ करू शकतं, पण ते गृहीत धरू नका.

आता पुरावा. वैद्यकीय तपासणीतून इतक्या वर्षांनी काही हाती लागत नाही, कबूल. पण पीडिताची विश्वासार्ह साक्ष एकटीही पुरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग खटल्यात सांगितलंय. जोडीला धर्मग्रामात (त्या चर्चच्या हद्दीत) त्या वर्षी कोण फादर होते, बदली कधी झाली, शाळेचं जनरल रजिस्टर, तेव्हा ज्याला सांगितलं तो मित्र. आसारामविरुद्ध एका शिष्येने 2013 मध्ये तक्रार दिली ती 2001 ते 2006 च्या घटनांची. 2023 मध्ये गांधीनगरच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. ती तेव्हा सज्ञान होती, पण उशिराचा प्रश्न तोच.

बिशपना पत्र जरूर लिहा. चर्च पुरोहितपद काढून घेऊ शकतं, तुरुंगात टाकू शकत नाही. दोन्ही चौकशा एकाच वेळी चालू शकतात. आणि घटना पॉक्सोनंतरची असेल, तर माहीत असून पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

लवकर बंद होते ती वाट दिवाणी दाव्याची: सज्ञान झाल्यावर फार तर तीन वर्षं. ती गेली तरी पीडित भरपाई योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारता येतं.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणून. फार उशीर असेल तर पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालात तशी मुभा आहे. ‘चौकशी करतो’ एवढ्यावर उठू नका. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.