चौकोनी कलिंगडाच्या बिया मागवू नका

तो फोटो परत फिरतोय, जपानच्या चौकोनी कलिंगडाचा. खाली लिहिलंय की हे जेनेटिकली मॉडिफाइड आहे, इंजेक्शन देऊन वाढवतात, साध्यापेक्षा गोड लागतं, फ्रीजमध्ये मावतं म्हणून तिकडे घरोघरी खातात, आणि शेवटी बियांच्या पाकिटाची लिंक. आमच्या ग्रुपवर दोघांनी ऑर्डर पण टाकली, म्हणून लिहितेय.

जीनचा काही संबंध नाही हो. आपल्याकडे पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात ना, तसलाच प्रकार. कागावा प्रांतातल्या झेंत्सुजीचे शेतकरी फळ लहान असतानाच वेलावरच पारदर्शक पेटीत बसवतात, मग ते फुगत जातं, भिंतींना टेकतं आणि जागा उरेल तिकडे म्हणजे कोपऱ्यांत भरत जातं, बाजू साधारण 18 सेंटीमीटरची होते. पट्टे सरळ उभे दिसायला हवेत म्हणून बसवतानाच फळ नीट फिरवून ठेवावं लागतं. एवढं हातचं काम, आणि आपण खुशाल इंजेक्शन म्हणून मोकळे होतो, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आणि फळाला जोर केवढा असतो! मी मागे कोवळा दुधी प्लास्टिकच्या बरणीत घालून बघितला होता, आठवड्याच्या आत बरणीला उभा तडा गेला. इंजेक्शन कशाला लागतंय मग.

गोडीचं तर साफ उलटं आहे. ही कलिंगडं पिकायच्या आधीच तोडतात, आत गर फिका, खाण्यात मजा नाही. ती शोभेची वस्तू आहे, दुकानात मांडायला, कुणाला भेट द्यायला, किंमत 10,000 येनच्या आसपास किंवा वरच. एवढे पैसे मोजून घरोघरी कोण खाणार?

फ्रीजचं मात्र अगदीच खोटं नाही, सुरुवातीला नीट रचता यावं, फ्रीजमध्ये मावावं हा विचार होता असं सांगतात. 1978 मध्ये तोमोयुकी ओनो या ग्राफिक डिझायनरने ती टोक्योतल्या गिन्झाला मांडली, पेटंटही घेतलं. पण पुढे ती शोभेचीच झाली.

आता बिया. आकार पेटीने दिलेला, बीमध्ये तो उतरतच नाही, त्यामुळे चौकोनी कलिंगडाचं बी लावलंत तरी वेलाला कलिंगड गोलच धरणार. हौस असेल तर कृषी केंद्रातून साधं बी आणा आणि पैसे मजबूत पेटीवर घाला, देठासाठी खाच ठेवा, तळाला भोकं पाडा, नाहीतर आत पाणी साचून फळ सडतं.