पांढरे धागे दिसले म्हणून औषधाचा पुडा फोडू नका

मिरग लागल्यापासून खानापूर-बेळगाव भागातल्या काजू-आंबावाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: ‘झाडाखाली पांढरी बुरशी म्हणजे मूळकूज सुरू. लगेच कार्बेन्डाझिमची आळवणी करून जमीन निर्जंतुक करा. सोबत ट्रायकोडर्मा टाका, दुप्पट फायदा.’ तीन वाक्यं, तिन्ही गंडलेली. (कार्बेन्डाझिम म्हणजे बुरशी मारायचं औषध; ट्रायकोडर्मा म्हणजे रोगकारक बुरशीवर सोडायची उपयोगी बुरशी.)

आधी ती पांढरी बुरशी. काल काजूखालचा पाला उकरला. वरची पानं अजून कडक, पण चार बोटं खाली ओली, काळपट आणि पांढऱ्या जाळीनं एकमेकांना शिवल्यासारखी. एक उचललं तर तीन सोबत आली. त्यातल्या एकाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, मधलं सगळं फस्त. ही जाळी पाला खाते, जिवंत मुळं नव्हे. बुरशीला तोंड नाही की पोट नाही. ती विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषते. सेल्युलेज पानातल्या सेल्युलोजची साखर करतं, लॅकेज चिवट लिग्निनला भिडतं, फॉस्फटेज सेंद्रिय रूपात अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं करतं. आपल्या तांबड्या मातीत लोह नि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतात, तिथं ही फुकटची मजुरी घालवायची? दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं तंबूंचं कापड कुजवणाऱ्या एका ट्रायकोडर्माच्याच वंशातून आज कारखान्यांसाठी सेल्युलेज काढतात. कापड खाणाऱ्याला काजूचं पान म्हणजे न्याहारी.

आणि ‘निर्जंतुक’? पावसात अळंबीच्या वाट्यासाठी घासाघीस करणारे आपणच की! वारुळावर उगवणारी ती अळंबी वाळवीनं पोसलेल्या बुरशीचीच.

आता कार्बेन्डाझिम. पाणी साचलेल्या जागी मुळं कुजतात ती बहुतेकदा पिथियम नाहीतर फायटोफ्थोरामुळं. दिसायला बुरशी, पण खरी बुरशी नव्हे: पेशीच्या भिंतीत खऱ्या बुरशीसारख्या कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकॅन. त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालतच नाही. फ्युजेरियमसारख्या खऱ्या बुरशीवर चालतं, हे मान्य. पण कुणावर मारतोय हे न बघता मारलं तर पैसे मातीत, आणि पाला कुजवणाऱ्या बुरशाही मार खातात.

तिसऱ्या वाक्याला मीही फसलोय. गेल्या साली दुकानदारानं सांगितलं म्हणून एकाच पिंपात दोन्ही घोळलं. ट्रायकोडर्मा कायटिनेज आणि ग्लुकॅनेज सोडून रोगकारक बुरशीची भिंत विरघळवतो, पण त्यासाठी तो स्वतः जिवंत हवा. कार्बेन्डाझिम त्यालाच मारतं. मी ढवळत होतो ते पिंप म्हणजे त्याचं तेरावंच.

कूज खरंच आहे का, हे बघायचं असेल तर बारीक मूळ उकरून चिमटीत ओढा. साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला, तर मूळ कुजलंय. मग पहिल्यांदा बुंध्याजवळचं पाणी काढून द्यायला चर मारा. औषध त्यानंतर, आणि तेसुद्धा कुठला रोग आहे ते तपासून.