फुगे वर जातात. मग?

आज सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. गेलेल्या माणसाच्या आठवणीत सगळे जमलेत, हातात पांढरे फुगे, एक-दोन-तीन म्हणून सोडले. खाली बदामांच्या आणि जोडलेल्या हातांच्या इमोजींचा पाऊस. मी गप्प बसले. दुःखाच्या घरात अक्कल शिकवू नये एवढं मलाही कळतं. पण दिवसभर डोक्यातून जाईना.

अहो, तो फुगा देवाघरी जात नाही. वर जाऊन फुटतो, नाहीतर गॅस गळून खाली येतो आणि कुणाच्या तरी शेतात, पाण्यात, झाडावर पडतो. आमच्या घरामागच्या झाडावर आला होता तसा. फुगा उरलाच नव्हता, नुसती सोनेरी रिबीन आणि तिला उलटा लटकलेला बगळा. काठीला विळा बांधून रिबीन कापली तेव्हा सुटला. पाय करकचून आवळलेला, काळा पडलेला. रिबिनीला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘लवकर मोठा हो’ एवढंच वाचता येत होतं.

कुणी म्हणेल, "अगं, फुग्याचं लॅटेक्स नैसर्गिक असतं, कुजतं." हो, रबराच्या चिकाचंच असतं, कुजतंही. पण त्यात रंग आणि रसायनं घातलेली असतात, महिनोन्‌महिने काही होत नाही त्याला. तोवर कासवांनी उपास करायचा का? पाण्यावर तरंगणारी फुग्याची चिंधी त्यांना जेलीफिश वाटते, म्हणजे त्यांचं खाणंच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलेले समुद्रपक्षी तपासून 2019मध्ये सांगितलं, की कडक प्लॅस्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळून मरण्याची शक्यता 32 पट. मऊ असतो ना, आत जाऊन बूच बसतं. आणि रिबीन कुठल्या झाडाच्या चिकाची हो? बगळ्याचा पाय तिनेच घेतला.

अमेरिकेत क्लीव्हलँडला 1986मध्ये विक्रमासाठी 14 लाखांहून जास्त फुगे सोडले होते. पाऊस आला, सगळे खाली. तेव्हाच शेजारच्या ईरी तलावात दोन मच्छीमार बेपत्ता होते. शोधणाऱ्यांना पाण्यात फुगा कुठला आणि डोकं कुठलं हेच कळेना. दोघांचेही मृतदेह नंतर किनाऱ्याला लागले.

उडत्या कंदिलांबद्दल तर बोलूच नका. पेटता विस्तव वाऱ्यावर सोडायचा आणि फोटो काढायचे! जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात 2020चं वर्ष उजाडताना अशाच कंदिलाने माकडांचं घर पेटलं. ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला... 30हून जास्त जीव गेले. कंदील सोडणारी एक आई आणि तिच्या मुली होत्या, त्या स्वतःहून पोलिसांकडे गेल्या. त्यांचाही राग येत नाही मला. कुणाचं वाईट करायला थोड्याच निघाल्या होत्या.

तसंच ‘लवकर मोठा हो’ लिहिणारा कुणी बाबा किंवा आजी असेल. प्रेमानेच बांधली असेल चिठ्ठी. म्हणूनच जास्त चिडचिड होते, कुणाला शिव्याही घालता येत नाहीत. (फुग्यातला हेलियम गॅस तिकडे दवाखान्यात एमआरआय मशीनला लागतो आणि आपण तो हवेत सोडतोय, ते वेगळंच.)

असो. आवाज चढला थोडा. वाढदिवसाला फुगे आणलेच असतील तर फेकू नका. तोंडाने हवा भरा, खोलीत टांगा, पोरांना फोडू द्या. रिबिनीऐवजी सुती दोरा घ्या. चिंध्या वेचायला हाक मारा, मी येते.