बोडका केक

कोल्हापुरात एखाद्यानं मटण सोडलं म्हटलं तर लोक समजून घेतात. माळ घातली असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, श्रावण जरा लवकर धरला असेल. पण दूध सोडलं म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढून बसतो. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात, १९६३ साली निघालेल्या गोकुळ दूध संघाची निवडणूक जिथं आमदारकीपेक्षा चवीनं चघळली जाते, त्या गावात माझा जावई वेगन आहे.

मुलगा गुणी. पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. दारू नाही, तंबाखू नाही, त्यामुळं लग्नाच्या वेळी कुणी फार खोदून विचारलंही नाही. दूध, दही, तूप, लोणी, मध, अंडं यातलं काही चालत नाही हे पहिल्या पंगतीला कळलं.

"मग पावणं खात्यात काय?" आईनं विचारलं. आई नव्वदीला टेकलीय.

"उरलेलं सगळं," मुलगी म्हणाली.

आईच्या हिशेबानं उरली फक्त मिरची.

तसा माझा काही आक्षेप नाही. शांतपणे यादी केली तर आपला झुणका, भाकरी, खर्डा, भडंग, दही न घेता मिसळ, हे सगळं जन्मापासून वेगनच आहे. आपल्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं एवढंच. पांढऱ्या रश्श्यातसुद्धा दूध नारळाचंच असतं. मटणाचा भाग तेवढा अडचणीचा. म्हणजे रोजच्या जेवणाला कसली आडकाठी नव्हती. गोची केली ती वाढदिवसानं. जावयाचा वाढदिवस ऐन आषाढात, सासुरवाडीला, आणि मुलीची फर्माईश: केक पाहिजे, आणि केकवर काहीतरी पाहिजे.

बेकरीत गेलो. "एगलेस हाय की काका, शंभर टक्के!" पोरानं काचेमागून छाती ठोकून सांगितलं. आपल्याकडं एगलेस म्हणजे अंडं काढायचं आणि त्या दुःखात कंडेन्स्ड मिल्क, दही आणि वर बोटभर क्रीम ओतायचं. मी म्हटलं, दूध पण नको. पोरगं डब्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणालं, "शाकाहारीच हाय वो." हिरव्या ठिपक्याच्या शाकाहारात दूध बसतं हे त्याला कोण सांगणार! वेगन पदार्थांसाठी सरकारनं २०२२ मध्ये वेगळे नियम केलेत, हिरव्या चौकटीत पान फुटलेला 'व्ही' असं वेगळं चिन्हही दिलंय. ते चिन्ह शोधत मी शाहूपुरीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत भिजत फिरलो. शेवटी एका दुकानात फेटायच्या क्रीमचा खोका मिळाला, त्यावर ठसठशीत 'नॉन डेअरी' लिहिलेलं. उड्याच मारायच्या बाकी होत्या. पण मुलीनं फोनवरून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. चष्मा पुसला, वाचलं, "सोडियम केसिनेट."

"पप्पा, ते दुधातलंच प्रोटीन असतंय."

"मग पुढं नॉन डेअरी का लिहिलंय?"

"तसंच असतंय ते."

वकिलाकडं दिलेली फी परत मागावी तसा चेहरा करून मी तो खोका परत दिला आणि बायकोला जाहीर केलं, आता घरीच करायचं.

केकचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. मैदा, कोको, साखर, तेल, पाणी, सोडा आणि चमचाभर व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना भिडले की गॅस होतो आणि केक अंड्याची वाट न बघता फुगतो. झाला, चांगला झाला. पण बोडका. केक बोडका असला की पातेल्यातून काढलेला वाटतो, वाढदिवसाचा वाटत नाही. खरा छळ वरच्या दोन बोटांचा असतो, आणि जगातली तमाम वरची दोन बोटं एकतर म्हशीकडून येतात नाहीतर कोंबडीकडून.

पहिला मान नारळाला दिला. बायको पांढऱ्या रश्श्यात मुरलेली, नारळाच्या दुधाचं तिला काय शिकवायचं! खोबरं वाटून, पंच्यात पिळून तिनं घट्ट पहिलं दूध काढलं, दुसरं पातळ दूध वेगळं ठेवलं. पहिलं रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वर स्निग्धाचा जाड थर धरला होता, खाली पाणी. तो थर काढून फेटायचा. थोडा वेळ मोठा दिमाख होता. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आमच्या स्वयंपाकघरात बाजूच्या शेगडीवर तांबड्या रश्श्याला उकळी फुटलेली. आषाढ आहे, आम्ही काही वेगन झालो नव्हतो. मोठ्या कौतुकानं फेटत गेलो तसं क्रीम दाणेदार झालं, मग सुटलं, मग भांड्याच्या कडेला चक्क तेल दिसायला लागलं.

"आता केसाला लावा," बायको म्हणाली, आणि आत गेली.

मग मुलीनं ठेवणीतलं अस्त्र काढलं. छोल्यांचं पाणी. काबुली चणे मीठ न घालता शिजवायचे, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे, आणि ते चिकट पाणी अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी फेटायचं. ही शक्कल २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच संगीतकाराच्या डोक्यातून निघाली. पुढच्याच वर्षी गूज वोल्ट नावाच्या अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनिअरनं त्याची बिनअंड्याची मेरिंग, म्हणजे साखर घालून फेटलेल्या फेसाचे वाळवलेले कुरकुरीत गोळे, करून दाखवली आणि त्या पाण्याचं ॲक्वाफाबा असं बारसंही केलं. कॉम्प्युटरवाल्यांचा आणि आमच्या स्वयंपाकघराचा संबंध असा जुना आहे.

आईनं कुकरात डोकावून बघितलं. "कट हाय की ह्यो. कटाची आमटी कर, वर ह्ये फेटतंय काय लेकरू?" माझं वय चौसष्ट. पण आईचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पुरण शिजवल्यावर कट फेकून द्यायचा नसतो हे आपल्या बायकांना फ्रान्सहून कळवावं लागलं नाही. रिठ्याला ज्या सॅपोनिनमुळं फेस येतो ते हरभऱ्यातही असतं. ते, थोडी प्रथिनं आणि थोडा स्टार्च शिजताना पाण्यात उतरतात आणि फेटलं की हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एका अंड्याचा पांढरा भाग, असा साधारण हिशेब.

अट एकच: भांड्याला तेलाचा अंश नको. स्निग्ध लागलं की फेस बसलाच म्हणून समजा. आता कोल्हापुरातल्या घरात तेलाचा अंश नसलेलं भांडं! आमच्याकडं प्रत्येक पातेल्याला तर्रीचा इतिहास आहे. प्लास्टिकच्या भांड्यांकडं तर बघूच नका, ती पिढ्यान्‌पिढ्या तेल जपतात. शेवटी देवघरातलं पंचामृताचं स्टीलचं पातेलं खाली आलं. लिंबानं पुसलं, कोरडं केलं, बीटर लावला, फेस यायला सुरुवात झाली आणि लाईट गेली.

जुलैत कोल्हापुरात लाईट जाणं ही बातमी नाही. बातमी असते राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी किती चढलं याची. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. गल्लीतला प्रत्येक जण एकमेकाला पातळी विचारत होता, आणि मी घरात फेसाची पातळी बघत होतो. फेस उतरायला लागला होता.

समोरचा पोरगा व्हरांड्यात पाऊस बघत उभा होता. तालमीत जातो. मनगट माझ्या मांडीएवढं. सकाळी दूध, अंडी, दुपारी थंडाई. त्याला हाक मारली.

"काय करायचंय काका?"

"फेटायचं."

"किती येळ?"

"उभं राहीपर्यंत."

"कोण?"

"फेस रे!"

त्यानं तारेचं फेटणं हातात घेतलं आणि कुस्तीला उतरताना करतात तसा पातेल्याला नमस्कार केला. "ह्यात अंडं न्हाय?" "न्हाय." "दूध?" "न्हाय." "मग ताकद कुठनं येणार वो?" मी म्हटलं, ती तू घालायची. पठ्ठ्यानं घातली. बायको चमच्याचमच्यानं पिठीसाखर सोडत होती, मी लिंबाचे थेंब. पोरगं हात बदलत होतं आणि मोरीतल्या बादलीवर पागोळ्या वाजत होत्या. बघता बघता पिवळट पाणी पांढरंशुभ्र झालं, चकाकायला लागलं, टोकं धरायला लागलं. झालंय का हे बघायला पातेलं डोक्यावर पालथं धरायचं असतं. कुणाच्या, यावर चर्चा व्हायच्या आत पैलवानानं स्वतःच्या धरलं. एक थेंब पडला नाही. गल्लीत शिट्ट्या झाल्या.

लाईट आल्यावर त्यातल्या थोड्याचे गोळे घालून १०० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये वाळवले. कुरकुरीत निघाले. फोटो काढून मुलीला पाठवेपर्यंत मऊ पडले आणि ताटलीला चिकटले. साखरेला हवेतली ओल आवडते, आणि आषाढात कोल्हापूरच्या हवेत ओलीशिवाय दुसरं काही नसतं. ज्यांना हे करायचंय त्यांनी हिवाळ्यात करावं, किंवा ओव्हनमधून थेट हवाबंद डब्यात. माझं मत विचाराल तर जुलैत मेरिंगच्या वाटेला जाऊच नये.

उरलेला फेस केक कापायच्या तोंडावर थापायचा असं ठरलं. बायकोनं मात्र कुणाला न विचारता ठेवलेलं दुसरं दूध कढईत घातलं, त्यात गूळ किसला, चिमूटभर मीठ टाकलं आणि मंद आचेवर आटवत बसली. तांबूस, दाट, चमच्याच्या पाठीला धरणारा रस झाला. त्या एका कढईपुढं फ्रान्स, अमेरिका आणि माझी दिवसभराची वणवण सगळं पाणी कम. केकवर फेसाचे डोंगर, डोंगरावरून गुळाचा रस.

जावईबापू हळवे झाले. "पप्पा, माझ्यासाठी एवढं?" असं म्हणून त्यांनी पैलवानाला पहिला घास भरवला. पैलवान लाजला. आईनं चमचाभर फेस जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि जावयाकडं बघून म्हणाली, "साय झ्याक हाय. कुठल्या म्हशीची?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली.

आता शिजवलेल्या चण्यांचा प्रश्न उरला. पाणी वाटीभर लागतं, पण त्यासाठी चणे पातेलंभर शिजतात, हे फ्रेंच माणसानं कुठं ठळक लिहिलेलं दिसत नाही. छोले झाले, उसळ झाली, चाट झालं, बायकोनं कटलेट केली आणि नंतर माझ्याकडं नुसतं बघायला सुरुवात केली. तेव्हा समोरचा पोरगाच धावून आला. उरलेले सगळे डब्यात भरून तालमीत घेऊन गेला. तेव्हापासून संध्याकाळी रिकामा डबा वाजवत दारात येतो आणि आत डोकावून विचारतो, "काका, आज फेटायचं काय न्हाय व्हय?"